पेढीवर चालणारा लॅपटॉप गोदामात का अडतो?

पेढीवर सुरळीत चालणारा लॅपटॉप गोदामात नेला की इंटरनेट बंद पडते, आणि गोदामात दुरुस्त करून पेढीवर आणला की गल्ल्यावरच्या संगणकात टॅली उघडत नाही, ही तक्रार हल्ली आमच्या भिवंडीच्या कापड बाजारात वरचेवर ऐकू येते. जुन्या काळी चोपडी काखेत मारून माणूस सुरतेला जावो की मूळजी जेठा मार्केटात जावो, जागा बदलली म्हणून चोपडी कधी अडली नाही. आता बिल, हिशेब, ई-वे बिल, बँक, सारा कारोबार त्या एका पेटीत आहे आणि ती पेटी जागेप्रमाणे रुसते. सबब या विषयावर व्यापारी बांधवांसाठी चार शब्द लिहिणे आम्हाला जरूर वाटले. आम्ही संगणकाचे जाणकार नाही, ग्रे कापडाचे व्यापारी आहोत. खाली जे लिहिले आहे ते नुकसान सोसून शिकलेले आहे.

दिवाळीच्या सीझनमधली गोष्ट. सुरतच्या एका पार्टीला आमच्या गाठी जायच्या होत्या. माल सुमारे चार लाखांचा. काल्हेरच्या बाजूला आमचे गोदाम आहे, तेथे असरच्या सुमारास ट्रक भरून तयार झाला. पन्नास हजारांवरचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जायचा तर १ एप्रिल २०१८ पासून ई-वे बिल लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. ते नसताना गाडी रस्त्यात अडवली गेली तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे मालक स्वतः पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड भरावा लागतो. कापडावर ५ टक्के धरला तर चार लाखांवर कर वीस हजार आणि दंड चाळीस हजार. एवढ्या मालावर आम्हाला सुटतात किती, हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको.

आमच्याकडे हिशेबाला बसणारा मुलगा लॅपटॉप घेऊन गोदामात आला. गोदामाचे वायफाय त्याने जोडले. लॅपटॉप म्हणतो 'कनेक्टेड', आणि खालीच लिहितो 'नो इंटरनेट'. टॅलीमधून ई-वे बिल पाठवायचे तर जातच नाही. आम्ही म्हटले, गोदामाचे नेट खराब असेल, मोबाईलचे हॉटस्पॉट लाव. त्याने लावले. तेथेही तेच. आमच्या मोबाईलवर मात्र नेट छान चालत होते. ई-वे बिल मोबाईलवरूनही करता येते, पण पोर्टलचा पासवर्ड कराचे काम पाहणाऱ्या वकिलांकडे, आणि वकील साहेब लग्नाला गेलेले. ड्रायव्हर घाई करतो आहे, मानकोली नाक्यावर गर्दी वाढते आहे. दोन दिवसांपूर्वी त्या मुलाने लॅपटॉपवर क्रिकेटची मॅच पाहिली होती, ते आम्हाला आठवले. हमालांच्या देखत आम्ही त्याला नको ते बोललो. तूच काहीतरी बिघडवले आहेस, असे म्हटले. पोराने मान खाली घातली, लॅपटॉप पिशवीत टाकला आणि मोटरसायकलवर पेढीकडे निघाला. पेढीवर पोचताच दोन मिनिटांत ई-वे बिल निघाले. त्याचा कागद गोदामात येऊन ट्रक सुटेपर्यंत इशाची अजान झाली होती.

पेढीवर चालला, म्हणजे लॅपटॉप चांगला आहे. घरी नेला, तेथेही चालला. मग आम्ही ठरवले की गोदामाची लाईनच वाईट, आणि दुसऱ्या दिवशी गोदामाच्या नेटवाल्याशी फोनवर तंटा केला. हॉटस्पॉटवरही लॅपटॉप बंद होता, ही गोष्ट रागाच्या भरात ध्यानातच आली नाही. ती आली असती तर तंटाही टळला असता आणि त्या मुलाची बेअब्रूही.

आता मूळ कारण. ते मोहल्ल्याच्या मिसालीने समजते. प्रत्येक वायफायचा राउटर म्हणजे एक मोहल्ला समजा. त्या मोहल्ल्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. आमच्या पेढीवरचा पत्ता १९२.१६८.१.५० असा होता. साध्या दुकानी व्यवस्थेत यातले पहिले तीन आकडे मोहल्ल्याचे आणि शेवटचा घराचा. मोहल्ल्याबाहेर, म्हणजे इंटरनेटवर, जायचा एकच दरवाजा असतो, त्याचे नाव गेटवे. पेढीवर तो १९२.१६८.१.१ आहे. गोदामातला राउटर वेगळ्या कंपनीचा, त्याचा दरवाजा १९२.१६८.०.१. पाहायला गेले तर एका आकड्याचा फरक. पण पेढीचा पत्ता घेऊन लॅपटॉप गोदामात आला की तो १९२.१६८.१.१ हा दरवाजा शोधत बसतो, आणि तसा दरवाजा त्या मोहल्ल्यात नाहीच. वायफायची जोडणी होते म्हणून 'कनेक्टेड' दिसते, दरवाजा सापडत नाही म्हणून इंटरनेट नाही. मोबाईलच्या हॉटस्पॉटचा मोहल्ला तर याहून निराळा असतो, म्हणून तेथेही तेच झाले. घरचा राउटर मात्र योगायोगाने पेढीसारखाच १९२.१६८.१.१ निघाला, म्हणून घरी सर्व ठीक. या योगायोगानेच आम्हाला फसवले.

मग लॅपटॉप जेथे जाईल तेथला पत्ता का घेत नाही? घेतो. ती सोय १९९३ साली प्रथम मांडली गेली, तिला डीएचसीपी म्हणतात. यंत्र मोहल्ल्यात शिरताच विचारते, माझा पत्ता कोणता, आणि राउटर पत्ता, दरवाजा, सर्व काही स्वतः देतो. तुमचा मोबाईल घरी, बाजारात, पाहुण्यांकडे न अडता चालतो तो याच कारणाने. लॅपटॉपही कारखान्यातून असाच येतो. आमच्या लॅपटॉपला मात्र पेढीवर आलेल्या कारागिराने कायमचा पत्ता ठोकून दिला होता. त्याचेही कारण होते. टॅलीचा डेटा आमच्या लॅपटॉपमध्ये, आणि गल्ल्यावरचा दुसरा संगणक तो डेटा लॅपटॉपच्या पत्त्यावरून शोधतो. पत्ता रोज बदलला तर गल्ल्यावरच्या संगणकाला घर सापडणार नाही. कारागिराने पेढीपुरता विचार केला. लॅपटॉप बाहेर जाणार का, हे त्याने विचारले नाही आणि आम्ही सांगितले नाही.

यानंतर जे झाले ते बहुतेक दुकानदारांकडे होते. कारागीर आला, पत्ता काढून 'ऑटोमॅटिक' करून गेला, तीनशे रुपये. गोदामात नेट सुरू, पेढीवर टॅली बंद. पुन्हा बोलावला, पत्ता पुन्हा ठोकला, तीनशे रुपये. महिनाभरात अशा चार फेऱ्या झाल्या. तो बिचारा बोलावले की येत होता आणि सांगितले ते करीत होता. रोगाचे नाव आम्हालाच सांगता येत नव्हते.

शेवटी आमचा भाचा कामी आला. तो डिप्लोमाला शिकतो. त्याने आधी एक युक्ती केली. लॅपटॉपच्या पडद्यावर दोन लहान फाईली ठेवल्या, एकीचे नाव 'पेढी', दुसरीचे 'गोदाम'. पेढीवर बसलो की पहिली चालवायची, ती ठरलेला पत्ता लावते. गोदामात दुसरी चालवायची, ती पत्ता काढून ऑटोमॅटिक करते. विंडोजमध्ये असे हुकूम लिहून ठेवता येतात. फक्त फाईलीवर उजवे बटण दाबून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणावे लागते, नुसती दोनदा दाबली तर हुकूम चालत नाही. पूर्वी आयबीएमच्या थिंकपॅड लॅपटॉपमध्ये 'ॲक्सेस कनेक्शन्स' नावाची अशीच सोय मिळत असे, ऑफिस आणि घर अशा नावांनी मांडणी साठवून ठेवायची. ॲपलच्या संगणकात तिला 'लोकेशन' म्हणतात.

दोन फाईलींनी आमचे पंधरा दिवस बरे गेले. पण माणूस विसरतो. गोदामातून रात्री घरी, घरून सकाळी पेढीवर, आणि 'पेढी' दाबायचे राहून गेले की गल्ल्यावर आरडाओरड.

भाच्याने मग दुसरा मार्ग सांगितला. विंडोज १० आणि ११ मध्ये प्रत्येक वायफायची मांडणी वेगळी ठेवता येते. 'सेटिंग्ज'मध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', तेथून 'वायफाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स'. तेथे आजवर जोडलेल्या वायफायची यादी येते. पेढीच्या वायफायचे नाव निवडून 'आयपी असाइनमेंट'समोर 'एडिट' दाबले आणि तेथे पत्ता भरला, तर तो त्या एका वायफायपुरता राहतो. बाकी सर्व जागी लॅपटॉप ऑटोमॅटिक. कारागिराने जुन्या 'कंट्रोल पॅनल'मधून पत्ता भरला होता, तो सर्व वायफायना लागू झाला, घोळ तेथेच होता. अर्थात कंट्रोल पॅनलमधला ठोकलेला पत्ता आधी काढावा लागतो. ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्याला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बँकेचे काम त्यावर किती दिवस करायचे ते ठरवावे.

हा मार्ग वायफायसाठी चांगला. पण आमच्या पेढीवर पंखे, शिलाईची यंत्रे आणि जाड भिंती, वायफाय नीट पोचत नाही, म्हणून लॅपटॉपला केबल लावतो. केबलीची मांडणी वायफायसारखी नावाने ओळखून बदलण्याची तशी सरळ सोय यादीत मिळत नाही. म्हणून आम्ही आज जे वापरतो आणि ज्याची शिफारस बांधवांना करतो, तो तिसरा मार्ग.

पत्ता लॅपटॉपमध्ये ठोकू नये, पेढीच्या राउटरमध्ये राखून ठेवावा. प्रत्येक यंत्राच्या जाळ्याच्या भागाला कारखान्यातून एक नंबर मिळालेला असतो, बारा अक्षरांचा, त्याला मॅक ॲड्रेस किंवा फिजिकल ॲड्रेस म्हणतात. गाठीवर जसा छापील नंबर तसा. राउटरला सांगायचे की या नंबरचे यंत्र आले की त्याला नेहमी ५० हाच पत्ता द्यायचा. राउटरच्या पानावर ही सोय बहुधा 'डीएचसीपी' सदरात 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' या नावाने असते. लॅपटॉप सदैव ऑटोमॅटिक. पेढीवर आला की त्याला आपोआप ५० मिळतो, गल्ल्यावरच्या संगणकाला घर सापडते. गोदामात गेला की गोदामाचा राउटर देईल तो पत्ता, हॉटस्पॉटवर मोबाईल देईल तो. बदलायचे काहीच नाही, विसरायचे काहीच नाही. प्रिंटरचा पत्ताही असाच राखून घ्यावा, म्हणजे बिल छापायचे अडत नाही.

यात दोन ठिकाणी पाय घसरतो. केबलीचा नंबर वेगळा आणि वायफायचा वेगळा असतो. दोन्हीही वापरत असाल तर कोणत्या नंबरासाठी पत्ता राखला ते पाहून घ्या. आणि विंडोजच्या वायफाय सदरात 'रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस' अशी एक कळ आहे. ती चालू असेल तर लॅपटॉप वायफायवर आपला खरा नंबर लपवतो, मग राउटर त्याला ओळखत नाही. निदान पेढीच्या वायफायसाठी ती बंद ठेवावी. बाहेरच्या वायफायवर चालू राहिली तर चांगलेच.

भाच्याचे खरे म्हणणे याहून पुढचे होते. टॅलीचा डेटा फिरत्या लॅपटॉपमध्ये ठेवूच नये, एका जागी राहणाऱ्या संगणकात ठेवावा. लॅपटॉप गोदामात गेला की गल्ल्यावरचा संगणक हिशेबाविना बसतो, आणि लॅपटॉप चोरीला गेला तर सारा हिशेब गेला. बात रास्त आहे. त्याला वेगळा संगणक आणि खर्च लागतो, तो या सीझनला जमला नाही, पुढच्या सीझनला करू, इन्शाअल्लाह. तोवर रोजची नक्कल पेनड्राइव्हवर घेतो.

बाहेरगावचे अनुभवही सांगण्यासारखे आहेत. सुरतेत रिंग रोडजवळ उतरलो होतो. हॉटेलचे वायफाय जोडले, पण मोबाईल नंबर विचारणारे त्यांचे पान लॅपटॉपवर उघडेचना. भाच्याला फोन केला. त्याने विचारले, मामू, डीएनएस काय आहे? डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी डिरेक्टरी. नेट जलद होते असे ऐकून आम्हीच कधीतरी त्या रकान्यात ८.८.८.८ भरून घेतले होते. हॉटेलचे पान दाखवायला हॉटेलचीच डिरेक्टरी लागते. आमचा लॅपटॉप दुसरीकडे विचारत राहिला. तो रकानाही ऑटोमॅटिक करताच पान उघडले. पत्ता ऑटोमॅटिक केला तरी डीएनएस हाताने भरलेला राहू शकतो, दोन्ही रकाने वेगळे पाहावे लागतात. कुणाच्या ऑफिसात 'प्रॉक्सी' भरून दिली असेल तर तीही बाहेर आल्यावर अशीच आडवी येते.

मंगळदास मार्केटात एका दलालाच्या दुकानी झालेला प्रकार आणखी लाजेचा. ठोकलेल्या पत्त्याच्या दिवसांतलीच ही गोष्ट. त्यांचा मोहल्लाही १९२.१६८.१ चा, आमचा पत्ता ५०, आणि त्यांच्या बिलाच्या प्रिंटरचाही ५०. आम्ही जोडले आणि त्यांचे बिल छापणे बंद झाले. एका मोहल्ल्यात एका पत्त्यावर दोन घरे असली की टपाल कुणाकडे जाईल याचा भरवसा नाही. समोर गिऱ्हाईक उभे होते. आम्ही चहा पिऊन उठलो, मग त्यांचे प्रिंटर चालू लागले, आणि कारण कुणालाच कळले नाही. हे वाचून आता त्यांना कळेल, त्यांनी माफ करावे.

विंडोज प्रत्येक नव्या जोडणीला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' मानते. पेढीच्या जोडणीला 'प्रायव्हेट' ठेवावे, नाहीतर पत्ता बरोबर असूनही गल्ल्यावरच्या संगणकाला लॅपटॉपमधला डेटा दिसत नाही. हॉटेल, स्टेशन, दुसऱ्याचे दुकान, येथे 'पब्लिक'च ठेवावे, म्हणजे आपला डेटा शेजारच्याला दिसत नाही. बँकेचे काम परक्या वायफायवर न करता आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर करावे असे आमचे मत आहे. हॉटस्पॉटच्या जोडणीला 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवले तर विंडोज मोठाले अपडेट ओढून दिवसाचा डेटा संपवत नाही.

आता नेट अडले तर कारागिराला फोन करण्यापूर्वी आम्ही दोन गोष्टी पाहतो. त्याच वायफायवर मोबाईल चालतो का? चालत असेल तर लाईन ठीक आहे, दोष बहुधा लॅपटॉपच्या मांडणीचा. मग लॅपटॉपचा पत्ता पाहतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला पण राउटरने दिला नाही. केबल सैल आहे, राउटर बंद आहे किंवा अडकला आहे. राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याने बहुतेक वेळा भागते. पत्ता दुसऱ्याच जागेचा दिसत असेल तर कुणीतरी तो ठोकून ठेवला आहे. आणि पत्ता त्याच जागेचा असून मोबाईलही चालत नसेल तर मग नेटवाल्याशी बोलावे, तंटा न करता.

हिशेबाच्या त्या मुलाची आम्ही दुसऱ्या आठवड्यात माफी मागितली, त्याच हमालांच्या देखत. तो म्हणाला, जाऊ द्या सेठ. पण बरेच दिवस तो आमच्यासमोर लॅपटॉपला हात लावायला कचरत होता. भाच्याने सारी मांडणी त्यालाच शिकवली. त्याने एका वहीत पेढीचा, गोदामाचा दरवाजा, लॅपटॉप आणि प्रिंटरचे बारा अक्षरी नंबर, राखलेले पत्ते, सर्व लिहून ठेवले. राउटरचा पासवर्ड वेगळ्या कागदावर तिजोरीत. पावसाळ्यात वीज कडाडून पेढीचा राउटर जळाला. नेटवाल्याने नवा बसवला, आणि नव्या राउटरला राखलेल्या पत्त्यांची काय खबर? आम्ही त्या दिवशी वसुलीला मालेगावात होतो. संध्याकाळी फोनवर पेढीचा हालहवाल विचारला तेव्हा कळले की पोराने वही काढून दुपारीच पत्ते पुन्हा भरले होते, आणि सुरतची गाडी चार वाजता ई-वे बिलासह सुटली होती.